ड्राय बाल्कनीत सिंक हवं की नको : सिंहगड रस्त्यावरच्या एका घराचं प्रकरण

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं हे घर. तिसरा मजला, टू बीएचके, इमारत १८ वर्षांची. काका-काकूंनी ते आधीच्या मालकाकडून घेतलेलं, आणि राहायला येऊन दीड वर्ष झाल्यावर स्वयंपाकघराचं काम काढलं. मी इंटिरियरची कामं करते. मला बोलावलं होतं ओटा आणि ट्रॉल्यांसाठी, आणि ते सगळं पहिल्या बैठकीतच मार्गी लागलं. ग्रॅनाइट काळा, शटर फिक्या राखाडी रंगाची, चिमणी आहे तीच. गाडी अडली ती मागच्या दारापाशी, ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या धुण्याभांड्यांच्या छोट्या बाल्कनीत.

काकू म्हणाल्या, "तिथे मला एक सिंक करून द्या."

काका म्हणाले, "ओट्यात सिंक आहे ना? मग दुसरं कशाला?"

आणि आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला, "काय करायचं ते करा, पण मोरी मोडू नका."

तिघांचंही मला त्या वेळी पटलं, म्हणूनच त्या दिवशी मी काहीच ठरवू दिलं नाही. ओट्याचा रंग चुकला तर पाच-सहा वर्षं डोळ्यांना खुपतो, इतकंच. पाण्याची जागा चुकली तर घरातल्या कुणाची तरी कंबर रोज मोडते आणि खालच्याच्या छताला ओल येते.

जागा अशी होती

बाल्कनी ४ फूट रुंद आणि साडेसात फूट लांब. स्वयंपाकघराच्या दारातून सरळ बाहेर जाणारी. डाव्या हाताला बाथरूमची भिंत, उजव्या हाताला कठडा आणि त्यावर जाळी, समोरच्या टोकालाही कठडा. तोंड पश्चिमेला. दारातून बाहेर पडल्या पडल्या डावीकडे बिल्डरने दिलेली मोरी : तीन फूट बाय दोन फूट, कडेला चार इंचांचा उंबरा, आत शहाबादी फरशी, एक खालचा नळ आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाणी जायची फरशीतली वाटी, जिच्यात वास अडवायला थोडं पाणी साचून राहतं. तिच्यापुढे रिकामी जागा. पार टोकाला वॉशिंग मशीन, दोन गॅस सिलिंडर, वर कपड्यांच्या दोऱ्या, आणि कोपऱ्यात फरशीतच पाणी जायला एक छोटं भोक.

नावात ड्राय असलं तरी घरातलं निम्मं सांडपाणी इथूनच जायचं. सकाळी अकराला आणि संध्याकाळी साडेसहाला मावशी येऊन त्या मोरीत बसून भांडी घासायच्या. ओट्यातल्या सिंकमध्ये भांडी घासायची नाहीत, हा घरातला अलिखित नियम. काही अंशी तो आजींच्या खरकट्याच्या विचारातून आलेला, आणि काही अंशी साध्या सोयीचा : काकू शाळेत शिकवतात, संध्याकाळी घरी येऊन ओट्यापाशी उभ्या राहतात तेव्हाच मावशींची वेळ असते. दोघी एकाच वेळी एका सिंकशी उभ्या राहू शकत नाहीत.

काकूंना सिंक हवं होतं ते टोकाला, जिथे मशीन होतं तिथे. त्यांचं कारण मला आवडलं होतं. तिथे उजेड येतो, वारा येतो, समोर टेकडीचा तुकडा दिसतो. "भांडी घासताना माणसाला समोर भिंत कशाला?" काका जागेचा हिशेब करत होते. मशीन, सिलिंडर, दोऱ्या, त्यात आता सिंक, मग उभं कुठे राहायचं? शिवाय त्यांना वजनाची धास्ती होती. बाल्कनी पुढे आलेली, तिच्यावर किती लादायचं?

वजनाची शंका लगेच मिटवता आली. घरातल्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला २ किलोन्यूटन वापराचं वजन धरून करतात. बाल्कनीचा त्याहून जास्त, ३ किलोन्यूटन धरून करावा असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे चौरस मीटरला ढोबळमानाने ३०० किलो. आतून २० बाय १६ इंच आणि ८ इंच खोल सिंक काठोकाठ भरलं तरी त्यात ४२ लिटर पाणी मावतं, म्हणजे ४२ किलो. बाल्कनीत चार माणसं उभी राहिली तर त्याच्या कितीतरी पट होतात. वजनाचा प्रश्न येतो तो लोक उतार काढायला चार-पाच इंच विटांचा आणि सिमेंटचा थर घालतात तेव्हा. तो थर आम्ही घालणारच नव्हतो.

आठ दिवसांचा कागद

मी फ्रिजवर एक कोरा कागद चिकटवला. आठ दिवस, बाल्कनीत जे कोणी पाण्याचं काम करेल त्याने तिथे एक रेघ ओढायची : काम काय, आणि ते उभ्याने झालं असतं तर बरं की खालीच बरं. काम दुसरीकडे केलं पण बाल्कनीत करावंसं वाटलं, तर तेही लिहायचं. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिने लगेच त्याला रकाने पाडले. मावशींच्या रेघा आजी ओढायच्या.

आठ दिवसांनी कागद पाहिला. मावशींचा एक दिवस खाडा, म्हणून भांडी १४ वेळा. काकांच्या शर्टांच्या कॉलरी हाताने घासणं ४ वेळा. मातीची मेथी-कोथिंबीर धुणं ५ वेळा. हे ओट्यावरच्या सिंकमध्ये झालं होतं, पण काकूंनी शेजारी लिहिलं होतं, "माती आत नको होती". ही सगळी उभ्याने करायची कामं, एकूण २३.

खालच्या कामांचा रकानाही तितकाच भरलेला. फरशी पुसायची बादली भरणं ७, ती ओतून फडकं खंगाळणं ७, कचऱ्याचा डबा धुणं २, मुलीचे चिखलाचे बूट २, पायपुसणं १. एकूण १९. शिवाय पाण्याच्या फिल्टरमधून निघणारं टाकाऊ पाणी रोज एका बादलीत साठत होतं आणि तेच फरशी पुसायला वापरलं जात होतं. ती बादलीही मोरीतच.

कागदाने काकूंनाही खरं ठरवलं आणि आजींनाही. काकांचा प्रश्न मात्र तसाच राहिला : दोन्ही मावणार कसं?

पुष्कळ नव्या घरांत यावर तोडगा म्हणून मोरी काढून खोल सिंक बसवतात आणि म्हणतात, बादली सिंकमध्येच भरा. मी त्याच्या विरोधात आहे. घरात वापरतो ती १६ लिटरची बादली भरली की १६ किलो होते. ती सिंकच्या काठावरून, कमरेच्या वरून, हात लांब करून उचलायची आणि फरशीपर्यंत खाली आणायची. एकदा करून पाहावं, कंबर लगेच सांगते. आणि पायपुसणं जिथे धुतलं तिथेच मेथी धुवायची, हे आजींनाच काय, मलाही चालणार नाही.

मावशींना विचारलं

आतापर्यंत घरातली चारही माणसं बोलली होती. त्या बाल्कनीत सगळ्यांत जास्त वेळ जी बाई काढते, तिला कोणीच काही विचारलं नव्हतं. मीही नाही. कागद वाचताना आजींच्या अक्षरात एका रेघेपुढे लिहिलेलं दिसलं, "उठताना भिंत धरली." तेव्हा मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम सकाळी अकराला गेले.

मावशी पन्नाशीच्या. उंची ४ फूट १० इंच. मोरीच्या उंबऱ्यावर एक पालथा डबा ठेवून त्यावर बसत होत्या आणि पाय मोरीत पुढे घेत होत्या. कुकर, पातेल्या, ताटं असा ढीग उजवीकडे, घासलेलं डावीकडे. डबा अरुंद, त्यामुळे सगळा भार एका बाजूला. काम झाल्यावर उठताना त्यांनी डावा हात भिंतीला लावला, उजवा गुडघ्यावर, आणि क्षणभर तशाच थांबल्या.

"मावशी, उभ्याने घासायला आवडेल का?"

"आवडंल की. पण ताई, उभ्यानं घासायचं तर ते बरोबर पाहिजे. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये हाय एक शिंक. लई खोल. वाकून वाकून पाठ जाती. त्यापरास बसलेलं बरं."

या एका वाक्याने माझं अर्धं काम केलं. सिंकची उंची आपण काठापासून मोजतो : ३४ इंच, ३५ इंच. पण हात काठावर काम करत नाहीत, ते तळाशी करतात. ३४ इंचांवर काठ आणि सिंक १० इंच खोल असेल, तर हात फरशीपासून २४ इंचांवर चालतात. ओट्याच्या उंचीवर कणीक मळणं आणि गुडघ्याच्या थोडं वर पातेलं घासणं यांत जो फरक आहे, तो सगळा पाठीवर येतो.

मग आम्ही तिथेच करून पाहिलं. घरात रंगाचे दोन रिकामे डबे होते, आजींचे दोन पाट होते, रद्दीचे गठ्ठे होते. ते एकावर एक रचून त्यावर पत्र्याचं घमेलं ठेवलं आणि मावशींना त्यात एक पातेलं घासायला सांगितलं. घमेल्याचा तळ २२ इंचांवर होता तेव्हा त्या लगेच वाकल्या. रद्दी वाढवत २९ वर नेला, तर कोपर वर उचलावं लागलं आणि पाणी मनगटावरून ओघळत बाहीत गेलं. पुन्हा दोन गठ्ठे काढले, एक पाट सरकवला. २६ वर आल्यावर त्यांनी पातेलं दोनदा फिरवलं, हात थांबवले आणि म्हणाल्या, "हां. हितं."

तळ २६ इंचांवर. काठ ३४ इंचांवर ठेवायचा तर सिंक ८ इंच खोल, त्याहून जास्त नाही. काकूंनी दुकानात १० इंच खोल सिंक पाहून ठेवलं होतं, दिवाळीच्या फराळाची मोठी कढई त्यात बसावी म्हणून. ते बसवायचं तर एकतर तळ खाली जाणार, नाहीतर काठ ३६ इंचांवर जाणार, आणि ४ फूट १० इंचांच्या बाईला तो काठ कोपराला लागणार. कढई वर्षातून चार दिवस निघते. भांडी रोज दोनदा.

काकांनी इथे रास्त मुद्दा काढला. "आज या मावशी आहेत. उद्या दुसऱ्या आल्या तर? घर एका माणसाच्या मापाने कसं करायचं?" म्हणून काकूंनाही त्याच घमेल्यापाशी उभं केलं. त्या ५ फूट ४ इंच. त्यांना २८ बरं वाटलं, २६ ला थोडं वाकावं लागत होतं. मी सांगितलं ते असं : सिंकच्या तळाशी दोन इंच उंचीची स्टीलची जाळी टाकली की तळ वर येतो, बसवलेलं सिंक खाली आणता येत नाही. म्हणून माप बुटक्या माणसाचं धरायचं. काका मान हलवून गप्प बसले, आणि नंतर ती जाळी शोधून त्यांनीच आणली.

नीळ

आता जागा. काकूंचं मन अजून टोकाच्या उजेडातच होतं, आणि मलाही तिथेच करून द्यावंसं वाटत होतं. टोकाला कोपऱ्यात पाणी जायला भोक आहे, मशीनचा पाईप त्यातच सोडलेला आहे, मग सिंकचाही सोडता येईल, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

आमचे प्लंबर मात्र जुने आणि सावध. त्यांनी विचारलं, "हे भोक कुठे जातं ते कोणी बघितलंय का?" कोणीच बघितलेलं नव्हतं. सोसायटीकडे नकाशा होता, पण ड्रेनेजचं पान गायब. तेव्हा त्यांनी काकूंकडून कपड्यांची नीळ मागितली, एका मगात कालवली, आणि वॉचमनला सोबत घेऊन खाली गेले. खाली दोन चेंबरची झाकणं उघडली : एक बाथरूम-मोरीच्या सांडपाण्याचं, दुसरं पावसाच्या पाण्याचं. काका वर मग घेऊन उभे, मी फोनवर.

आधी मोरीत नीळ ओतली आणि मागून बादलीभर पाणी. थोड्या वेळात सांडपाण्याच्या चेंबरमध्ये निळी धार आली. तिथे काही प्रश्न नव्हता.

मग टोकाच्या भोकात. मी कठड्यावरून वाकून पाहत होते. प्लंबरने हात वर करून दुसऱ्या झाकणाकडे बोट दाखवलं. निळं पाणी पावसाच्या चेंबरमधून चाललं होतं, आणि पुढे इमारतीच्या मागे विहिरीसारखा जो खड्डा आहे त्यात. तो खड्डा म्हणजे सोसायटीच्या बोअरचं पुनर्भरण. गच्चीवरचं पावसाचं पाणी वाळू-खडीतून गाळून जमिनीत मुरवायचं, म्हणजे उन्हाळ्यात बोअरला पाणी टिकतं. एप्रिल-मेमध्ये या सोसायटीत टँकर येतात, तेव्हा त्या बोअरवर सगळ्यांचा डोळा असतो.

आणि त्याच खड्ड्यात या घरातल्या मशीनचं साबणाचं पाणी जात होतं. आधीच्या मालकाने पाईप जवळचं भोक पाहून सोडला असणार. काका-काकूंनी तो तसाच चालू ठेवला. काका कठड्यापाशी बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "मशीन आजच हलवा."

प्रकरणाचा निकाल खरं तर इथे लागला. टोकाला सिंक होणार नव्हतं. तिथून मोरीच्या ट्रॅपपर्यंत सांडपाण्याचा पाईप आणायचा तर पाच फूट अंतर, आणि उतार द्यायला फरशीखाली खोलीच नाही, कारण इथला स्लॅब बाथरूमसारखा खाली घेतलेला नाही. पाईप भिंतीवरून नेला असता तर मशीनच्या मागे अडकून, दर दोन महिन्यांनी तुंबून, शेवटी कोणीतरी तो पुन्हा त्या जवळच्या भोकातच सोडला असता. अशा गोष्टी मी पाहिल्या आहेत. पाणी सोयीच्या वाटेने जातं आणि माणसंही. सिंक व्हायचं तर ते सांडपाण्याची लाइन आहे तिथेच, म्हणजे मोरीच्या जागीच.

काकूंना टेकडी सोडावी लागली. त्यांचा चेहरा उतरला, पण नीळ त्यांनीही पाहिली होती.

मोरीवरचं सिंक

मोरी आणि सिंक एकाच जागेत बसवायचे, तर एक दुसऱ्याच्या वर. आम्ही मोरी सहा इंच लांब केली, साडेतीन फूट. तिच्या दाराकडच्या अर्ध्या भागावर भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून २२ बाय १८ इंचांचं स्टीलचं सिंक टांगलं. खाली कपाट नाही, शटर नाही, काही नाही. सिंकचं पाणी खालच्या ट्रॅपमध्येच जातं. उरलेल्या २० इंचांत खालचा नळ, तोटी मोरीच्या तळापासून १८ इंचांवर, म्हणजे बादली सरळ खाली सरकते आणि उचलताना फक्त उंबऱ्यावरून काढायची असते. उंबरा चारऐवजी अडीच इंचांचा केला.

सिंकखाली कपाट करून त्यात सिलिंडर लपवावेत, असं काकांच्या मनात होतं. त्याला मी ठाम नाही म्हटलं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, खाली साचतो. बंद कपाटात साचला तर वासही उशिरा येतो. सिलिंडर टोकाला, उघड्या हवेत राहिले. मशीन मधे आलं, आणि त्याचा प्लग पाच फूट उंचीवर घेतला.

मशीनच्या पाईपसाठी भिंतीला उभा दोन इंची पाईप दिला, तोंड फरशीपासून ३० इंचांवर. मशीनची नळी त्यात नुसती अडकवलेली, घट्ट बंद केलेली नाही. नळी फरशीवर टाकली तर मशीन पाणी घेत असतानाच ते आपोआप ओढलं जाऊन बाहेर वाहू शकतं, आणि मशीन नुसतं भरत राहतं. ती उंच ठेवायची ती त्यासाठी.

फरशी उखडल्यावर एक गोष्ट निघाली, जी आधी कोणाला माहीत नव्हती. नहाणी ट्रॅपभोवतीचं सिमेंट फुटलं होतं. ट्रॅप स्लॅबच्या खालून लटकलेला, म्हणजे तो दिसतो खालच्या घराच्या बाल्कनीच्या छतात. मी खाली जाऊन बेल वाजवली. तिथल्या बाईंनी छताकडे बोट केलं : ताटाएवढा पिवळा डाग, कडेने पापुद्रे. दोन वर्षं त्या तो पावसाचा समजत होत्या. ट्रॅप बदलला, त्यासाठी त्यांच्या बाल्कनीत एक दिवस शिडी लावावी लागली, त्यांनी काहीही न बोलता लावू दिली. मग वॉटरप्रूफिंग, भिंतीवर दीड फूट वर चढवून. मोरीत ट्रॅपला बोळा घालून ४८ तास पाणी भरून ठेवलं, आणि दोन्ही दिवस खाली जाऊन कोरडं आहे का ते हात लावून पाहिलं. त्यानंतरच फरशी. उतार सगळा ट्रॅपकडे, मीटरला १२ मिलिमीटर. टोकाचं भोक आता फक्त पावसाच्या शिंतोड्यांसाठी.

खर्च बाल्कनीपुरता ४६ हजार झाला. त्यात सिंकची किंमत साडेपाच हजार. बाकी सगळं पाणी नीट न्यायला लागलं.

पुढे काय झालं

काम ऑक्टोबरमध्ये संपलं. मी पहिल्यांदा परत गेले ती डिसेंबरमध्ये, संध्याकाळी, आणि दारातच माझी चूक दिसली. साडेसहाला बाहेर अंधार, बाल्कनीतला दिवा दारावर, म्हणजे मावशींच्या पाठीमागे. त्या स्वतःच्याच सावलीत भांडी घासत होत्या. मी जागा पाहिली सकाळी अकराला, घमेल्याची चाचणी केली सकाळी अकराला, आणि संध्याकाळची खेप विसरले. त्याच आठवड्यात सिंकच्या वर पाणी लागणार नाही असा दिवा लावून दिला, माझ्या खर्चाने. घासलेली ओली भांडी कुठे निथळायची याचाही मी विचार केला नव्हता. टोपली मशीनच्या डोक्यावर ठेवली जात होती आणि पाणी मशीनवर ठिबकत होतं. सिंकच्या वर भिंतीला स्टीलचा निथळणारा रॅक लावला. या दोन्ही गोष्टी आधी सुचायला हव्या होत्या.

जुलैत पुन्हा गेले. पश्चिमेचा पाऊस जाळीतून आत येत होता, पण मोरी दाराजवळ, भिंतीच्या बाजूला, म्हणून तिथपर्यंत फारसा पोचत नव्हता. टोकाला सिंक केलं असतं तर मावशी चार महिने भिजत उभ्या राहिल्या असत्या. हे मला आधी सुचलं नव्हतं, नशिबाने बरोबर पडलं. खालच्या बाईंच्या छतावरचा डाग वाळला होता, त्यांनी रंग दिला होता.

कागदावर नसलेले वापरही दिसले. आजी सकाळी खुर्ची दारात घेऊन बसतात आणि मेथी निवडून झाली की उठून स्वतः सिंकमध्ये धुतात. ओट्यापर्यंत जायला त्यांना दोन वळणं पडायची, हे सिंक दारातून दोन पावलांवर आहे. ज्यांनी मोरी मोडू नका म्हटलं, त्याच सिंक सर्वांत जास्त वापरतात, मावशी सोडून. दोन इंचांची जाळी काकू रविवारी टाकतात, इतर दिवस ती भिंतीला टांगलेली.

मावशींना विचारलं, कसं आहे. त्यांनी आधी दिव्याकडे बोट केलं, मग म्हणाल्या, "गुडघा हाय तसाच हाय. पण उठताना भिंत न्हाई धरायला लागत." पलीकडच्या बिल्डिंगमधल्या खोल सिंकच्या आत, तळाशी, तिथल्या बाईंनी आता विटा लावून पाट ठेवलाय म्हणे, मावशींनीच सुचवलं.

अशीच बाल्कनी असलेल्या दुसऱ्या एका घरात, ठाण्याला, मी सिंक नको असं सांगितलं होतं. नवरा-बायको दोघं, भांड्यांचं मशीन, बाई एकदाच येऊन फरशी पुसून जाते. तिथे आधीच्या लोकांनी बसवलेलं सिंक महिनोन् महिने कोरडं पडून होतं. ट्रॅपमधलं पाणी आटलं की गटाराचा वास अडवायला काही उरत नाही, आणि झुरळंही त्याच वाटेने वर येतात. ते सिंक काढून पाईपला झाकण लावलं आणि जागा कपाटाला दिली. कागद तिथेही लावला होता. आठ दिवसांत त्यावर तीन रेघा होत्या.

सिंहगड रस्त्याच्या सोसायटीत काकांनी नीळेचा विषय वार्षिक सभेत काढला. त्या इमारतीत १६ घरं. रविवारी सकाळी दोन-दोन घरं करत, प्लंबर, वॉचमन आणि काका, असे तिघं मिळून सगळ्या बाल्कन्या तपासतात. आतापर्यंत १२ झाल्या. चार घरांच्या मशीनचे पाईप पावसाच्या भोकात सापडले. त्यांतल्या तिघांनी ते हलवले आहेत, चौथे कुटुंब परदेशातून दिवाळीला येणार आहे.